पहाटेच्या ड्रायव्हरांसाठी अल्कोहोल मीटर, ८ महिने वापरून

सांगलीत माझ्या तीन पिकअप हायत, दुधाची आणि भाजीची भाडी मारतो, म्हणजे गाडी पहाटे चारला निघणार. मागच्या हंगामात अंकलीच्या पुलाच्या अलीकडं धुक्यात आमची एक गाडी उसाच्या ट्रॉलीला मागून घासली, ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता हे खरं, पण आमचा ड्रायव्हर रात्री पिऊन झोपून उठून आलेला, आणि चावी मीच हातात दिलेली, मला वास पण आला नव्हता. माणूस वाचला. त्याच आठवड्यात फुंकून दारू मोजायचं हे मीटर मागवलं.

पहिलं घेतलं ते अकराशेचं, चावीच्या कीचेनला लावायचं. घेऊ नका. एकाच माणसानं तीनदा फुंकलं की तीन वेगळे आकडे. मग साडेसहा हजाराचं घेतलं, फ्युएल सेल सेन्सरचं (श्वासातल्या अल्कोहोलपासनं वीज तयार होते, ती मोजून आकडा देतं), पोलिसांच्या मशीनमध्ये पण बहुतेक हाच सेन्सर असतो. चालू केलं की थोडा वेळ काउंटडाउन, मग नळीत एका दमात पाच सेकंद फुंकायचं, आत टक् वाजतं आणि आकडा येतो. घेताना एवढं बघा की आकडा रक्तातला टक्क्यात दाखवतंय का श्वासातला मिलिग्रॅममध्ये, दोन्ही वेगळे असतात आणि सेटिंगमध्ये बदलता येतं. आपल्याकडं लिमिट १०० मिली रक्ताला ३० मिलिग्रॅम, म्हणजे टक्क्यात ०.०३०. त्याच्या वर सापडला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्या वेळेला १०,००० पर्यंत दंड नायतर ६ महिन्यांपर्यंत जेल नायतर दोन्ही. मी मात्र माझ्याकडं शून्यच धरतो, शून्य नसंल तर चावी नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. लोकांना वाटतं असलं मशीन रात्री बारमधनं बाहेर पडणाऱ्यासाठी असतंय. माझ्या अनुभवानं त्याचा खरा उपयोग पहाटेचा. डिसेंबरात आमचा एक ड्रायव्हर आला, अंघोळ केलेली, कपाळाला गंध, चहा पिऊन आलेला, चालणं बोलणं एकदम सरळ. फुंकला तर ०.०४८. म्हणाला, मालक, मेव्हण्याची हळद होती, एकच क्वार्टर झाली, अकराला झोपलोय की, मशीन बिघडलंय. मी नळी बदलून स्वतः फुंकलं, ०.०००. वीस मिनिटं थांबून त्याला परत फुंकायला लावलं, ०.०४३. मग तो गप्पच बसला, खाटेवर बसून नुसता त्या आकड्याकडं बघत होता.

त्यात मशीनची चूक नव्हतीच. एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल, सत्तर किलोच्या माणसाच्या रक्तात ते १०० मिलीला १२५ मिलिग्रॅमच्या आसपास जातं, आणि शरीर तासाला १५ एक मिलिग्रॅमच कमी करतं, कुणाचं थोडं कमी कुणाचं थोडं जास्त. पाच तासात ७५ गेले तरी ५० उरतातच. गार पाण्याची अंघोळ, लिंबू, कडक चहा, यानं माणूस जागा होतो पण रक्तातली दारू कमी होत नाही, ती लिव्हर आपल्या चालीनं काढतंय. त्या दिवशी त्याला हजेरी देऊन तिथंच झोपवलं, गाडी मी घेऊन गेलो. हजेरी कापायची नाही हे मी पहिल्यापासनं ठरवलंय, कापली की पुढच्या वेळेला ते आधी सांगणार नाहीत. आता रात्री कार्यक्रम असला की संध्याकाळीच फोन येतो, दादा उद्या दुसऱ्याला पाठवा.

मशीनचे तोटे पण सांगतो. बॉक्समध्ये नळ्या फक्त पाच आल्या, एकाची दुसऱ्यानं वापरायची नाही त्यामुळं शंभराचं पाकीट वेगळं घ्यावं लागलं. सहा महिन्यांनी कॅलिब्रेशनला (आकडा बरोबर येतोय का तपासून जुळवायला) कुरिअरनं पाठवलं तर परत यायला पाच आठवडे लागले, फोन केला की आज निघंल उद्या निघंल, त्यामुळं जमलं तर दोन घ्या. माहितीपुस्तकात मराठी अक्षर नाही. माउथवॉशनं चूळ भरून किंवा अल्कोहोलवालं खोकल्याचं औषध घेऊन लगेच फुंकलं तर उगाच आकडा वर जातो, पंधरा वीस मिनिटं थांबून परत घ्या, लगेच कुणावर आरोप करू नका.

आणि हे दारूच तेवढी ओळखतं. गांजा, झोपेची गोळी, दोन रात्रीचं जागरण यातलं काहीच त्याला कळत नाही, त्यासाठी मी माणसाच्या डोळ्याकडं बघून झोप झाली का विचारतो आणि नाही म्हणाला तर त्याचं ऐकतो.

पाचपैकी चार. एक कुरिअरसाठी कापला. ज्याच्याकडं पहाटे सुटणाऱ्या गाड्या हायत, स्कूल व्हॅन हाय, त्यानं घ्याच. आमच्याकडं ते चावीच्या खिळ्यालाच अडकवलंय, चावी काढायची तर आधी मीटर हातात घ्यावं लागतं.