पाच वर्षांचं बीए एलएलबी: चौथ्या वर्षाअखेरचा अनुभव (आणि कलम १४४चे पाच गुण)

सीईटी, कटऑफ, कुठलं कॉलेज भारी यावर ढीगभर लिहिलं गेलंय, ते इथे मिळणार नाही. चार वर्षं काढल्यावर काय कामाला येतं, कशावर पैसे वाया जातात आणि त्यातल्या बीएचं नेमकं करायचं काय, एवढंच सांगते. राग दिसला तर कारण पुढे आहे.

आधी पटापट. बीए करून मग तीन वर्षांचं एलएलबी केलं तर सहा वर्षं जातात, इथे पाच. म्हणजे एका वर्षाची फी, खोलीभाडं आणि मेस वाचली. माझ्या घरी या एका मुद्द्यावर निर्णय झाला होता. हजेरीची कटकट सगळीकडे सारखीच. इंटर्नशिप पाच वर्षांत मिळून किमान २० आठवडे, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर चालत नाही. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे, जी माहितीपुस्तिकेत कुणी ठळक छापत नाही: मधूनच बाहेर पडायची सोय नाही. तीन वर्षं झाली, आता कायदा नको, बीए द्या, असं म्हणता येत नाही. आमच्या वर्गातल्या एकीला तिसऱ्या वर्षानंतर स्पर्धा परीक्षांकडे वळायचं होतं. हातात पदवीच नाही म्हटल्यावर अर्ज कशाच्या जोरावर भरणार? बसलीय अजून आमच्याच बाकावर.

आता मुख्य तक्रार. दुसऱ्या वर्षी मी भादंवि, म्हणजे भारतीय दंडविधान, शिकले, सिनियरकडून निम्म्या किमतीत घेतलेल्या पुस्तकातून. मार्जिनमध्ये तिच्या पेन्सिलीच्या नोट्स, म्हणजे क्लासची फीसुद्धा वाचली. १ जुलै २०२४ला तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि भादंविच्या ५११ कलमांच्या जागी भारतीय न्याय संहितेची ३५८ आली. खून ३०२ वरून १०३ वर गेला. नव्या संहितेत ३०२ आहे, पण ते धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल. फसवणुकीचं ४२० तर उरलंच नाही, आकडे तिथपर्यंत पोचतच नाहीत. ती आता ३१८ मध्ये. पाठ केलेलं सगळं मुसळ केरात. नवे बेअर ॲक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर छापलेली पुस्तकं) कोरेच घ्यावे लागले, कारण सेकंडहँड बाजारात ते असणार कुठून?

तरी खर्चाचं एक वेळ सोडा. फौजदारी प्रक्रियेच्या पेपरात पाच गुणांचा प्रश्न आला: 'कलम १४४ वर टीप लिहा.' बस, एवढंच. विषयाचं नाव नव्या संहितेचं, प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावरही तेच छापलेलं. जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, १४४ म्हणजे जमावबंदी, हे रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. पण तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत जमावबंदी १६३ला गेली आणि १४४ म्हणजे पोटगी, म्हणजे पूर्वीचं १२५. मी पोटगी लिहिली. शून्य. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली तर लाल पेनने शेरा: 'विषयाला सोडून'. परीक्षा विभागातल्या बाईंसमोर बेअर ॲक्ट उघडून धरला. त्यांनी पुस्तकाकडे न बघता सांगितलं, "रिव्हॅल्युएशनला टाका, इथे वाद घालू नका." फोटोकॉपीची फी वेगळी, रिव्हॅल्युएशनची वेगळी. शेवटी चार गुण आले. फी परत मिळाली नाही. एक गुण कुठे गेला, ते अजून कळलेलं नाही.

गंमत म्हणजे ते चार गुण मला बीएच्या नोट्सनी मिळवून दिले. त्या टिपेत कलमाची भाषा जेमतेम तीन ओळी होती. बाकी सगळं शाहबानो, म्हणजे घटस्फोटित मुस्लीम महिलेच्या पोटगीचा गाजलेला खटला: मॅजिस्ट्रेटने महिना २५ रुपये पोटगी दिली, हायकोर्टाने १७९ रुपये २० पैसे केली, १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली आणि पुढच्याच वर्षी संसदेने वेगळा कायदा केला. हे का घडलं, कुणाच्या मतांसाठी घडलं, हे राज्यशास्त्राच्या सरांनी दोन तास रंगवून सांगितलं होतं. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना सांगायचे की बीएचे विषय म्हणजे साबणावर फुकट मिळणारा चमचा. आता ज्युनिअरना उलट सांगते. कलमांचे आकडे संसद एका दुपारी बदलते, त्यामागचं राजकारण इतक्या झटकन बदलत नाही.

इतिहासाचंही तेच. मेकॉलेच्या आयोगाने दंडसंहितेचा मसुदा १८३७ मध्ये तयार केला, कायदा झाला १८६० मध्ये आणि लागू झाला १८६२ला. मधल्या काळात १८५७ होऊन गेलं. हे माहीत असलं की त्या पुस्तकातली उदाहरणं वाचायला मजा येते. चोरीच्या कलमाखाली एक माणूस खिशात कुत्र्यांसाठी आमिष ठेवून दुसऱ्याचा कुत्रा आपल्या मागे चालवत नेतो. कुत्रा मागे निघाला त्या क्षणी चोरी पूर्ण झाली. कलम ३७८चं ३०३ झालं, पण तो कुत्रा अजून आमिषाच्या मागे चाललाय. मी चोरीची व्याख्या कधीच घोकलेली नाही, कुत्रा आठवते आणि तिथून घटक काढत जाते: जंगम वस्तू, दुसऱ्याचा ताबा, संमती नाही, अप्रामाणिक हेतू, वस्तू हलवणं.

अर्थशास्त्राबद्दल मात्र चांगलं बोलवत नाही. दोन पेपर दिले, एकही गोष्ट अजून कामी आलेली नाही.

जुन्या पुस्तकावरचा राग मात्र अर्धा उतरला, तो इंटर्नशिपमध्ये. तालुका कोर्टात ज्या वकिलांकडे होते, तिथे पहिल्याच दिवशी नवा कोरा बेअर ॲक्ट घेऊन ऐटीत गेले. सरांनी चार्जशीट पुढे सरकवली आणि विचारलं, "घटनेची तारीख काय?" २०२२ची होती. "मग भादंवि कुठाय तुझं?" १ जुलै २०२४च्या आधीच्या गुन्ह्याला जुनाच कायदा लागतो, घटनेच्या वेळी जो कायदा होता त्याच कायद्याने शिक्षा, हे संविधानाच्या अनुच्छेद २०(१) मध्येच आहे. बोर्डावरची, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या यादीतली, बहुतेक प्रकरणं जुनीच होती. दुसऱ्या दिवसापासून सिनियरचं ते पेन्सिलीच्या नोट्सवालं पुस्तक पिशवीत, आणि नवंही. खांदा दुखतो, पण खालच्या कोर्टात हे ओझं अजून बरीच वर्षं दोन्ही बाजूंनी वाहावं लागणार. त्यामुळे कुणी जुनं भादंवि रद्दीच्या भावात देत असेल तर डोळे मिटून घ्या. नवा बेअर ॲक्ट घेताना शेवटी जुन्या-नव्या कलमांचा तक्ता आहे का ते दुकानातच उघडून बघा. तो नसलेली आवृत्ती कितीही स्वस्त असली तरी महागात पडते.

एक आनंदाची बातमी, कंजूष लोकांसाठी. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, काढायला राज्यांच्या बार कौन्सिल हजारो रुपये घेत होत्या. ३० जुलै २०२४ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये लिहिलंय तेवढंच घ्या: खुल्या वर्गाला ७५०, अनुसूचित जाती-जमातींना १२५. त्यानंतर वकिली करण्यासाठीची ऑल इंडिया बार एक्झाम आहेच, तिची फी वेगळी. आणि थेट न्यायाधीश व्हायचं म्हणून कुणी हा कोर्स घेत असेल तर थांबा: सुप्रीम कोर्टाच्या मे २०२५च्या निकालाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणलीय. म्हणजे पाच अधिक तीन. वाचलेलं ते एक वर्ष घरच्यांना मी अजून मोजून दाखवते, हे तीन अजून सांगितलेले नाहीत.