लॅपटॉपची मेमरी भरतेय: टॅब आवरायचे, रॅमची पट्टी टाकायची, की नवाच घ्यायचा?

मेमरी (म्हणजे रॅम, चालू कामं ठेवायची जागा; फाइली साठवायची डिस्क वेगळी) ८० टक्के दिसली की लोक लगेच रॅमचे भाव बघायला लागतात. ८ जीबीच्या विंडोज लॅपटॉपवर ७०-८० टक्के हे रोजचंच आहे. काम अडत नसेल तर त्या आकड्याकडे बघूही नका. अडत असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि ‘कमिटेड’ (चालू प्रोग्रॅमनी मिळून मागितलेली मेमरी) बघा. आमच्या वहिनींच्या लॅपटॉपवर तिथे १२.४ जीबी होते, रॅम मात्र ८. वरचा भार बराचसा डिस्कवर सांडत होता. वर्डमधून क्रोमवर जाताना चार-पाच सेकंद नुसतं गोल फिरत बसायचं.

वहिनी शिकवण्या घेतात. क्रोममध्ये ३४ टॅब, त्यांतले निम्मे गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकांचे. शिवाय कधीही न वापरलेलं टीम्स हे मीटिंगचं ॲप लॅपटॉपबरोबरच सुरू होत होतं. स्टार्टअपमधून ते काढलं, क्रोमच्या सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी सेव्हर चालू केला, तो न वापरलेले टॅब झोपवतो (एजमध्ये याला स्लीपिंग टॅब्स म्हणतात). मेमरीचा वापर ७.१ जीबीवरून ५.२ वर आला, खर्च शून्य. तोटा एवढाच की झोपलेल्या टॅबवर परत गेलं की पान पुन्हा लोड होतं. नेट रडत असेल तर वैताग येतो. ‘रॅम क्लीनर’ नावाची ॲप्स मात्र टाकू नका. ती चालू कामाचा मेमरीतला डेटा डिस्कवर ढकलतात, आकडा खाली येतो आणि पुढच्या क्लिकला सगळं परत वर आणावं लागतं.

हा उपाय ८ जीबीला. ४ जीबीवर विंडोज ११ चालतं, कारण मायक्रोसॉफ्टची किमान अट तेवढीच आहे. पण तिथे टॅब आवरून फारसं हाती लागत नाही.

मग रॅम. टास्क मॅनेजरमधल्या त्याच मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ (पट्ट्या बसवायच्या किती जागा वापरात आहेत) आणि ‘फॉर्म फॅक्टर’ (रॅम कशी बसवली आहे) असतं. दोनपैकी एक स्लॉट वापरात आणि पुढे एसओडीआयएमएम (काढता-घालता येणारी लॅपटॉपची पट्टी) असेल तर नशीब चांगलं. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बहुधा बोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली आहे. एका दुकानात मॉडेल नंबरही न विचारता मला ‘१६ करून देतो’ सांगितलं होतं. झाकण उघडल्यावर आत स्लॉटच नव्हता. रॅमच्या पिढ्याही बघा: डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या स्लॉटात बसत नाही, खाचेची जागाच वेगळी. दुसरी पट्टी टाकली तर ड्युअल चॅनलचा (दोन्ही पट्ट्या एकदम वापरल्याने येणाऱ्या वेगाचा) फायदाही होतो, विशेषतः ग्राफिक्सला वेगळी चिप नसून ते प्रोसेसरमध्येच असेल तेव्हा. कारण ते याच रॅममधून वाटा घेतं. फक्त ‘रॅम स्वस्त आहे, टाकून घे’ हा सल्ला जुना झाला. एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे २०२५ च्या उत्तरार्धात भाव झपाट्याने चढले.

लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घाला. नाहीतर दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला. मेमरीतून सांडलेलं डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये जातं, आणि तुकड्यातुकड्याने वाचायची वेळ आली की हार्ड डिस्क गुडघे टेकते. एसएसडीने मेमरी वाढत नाही, पण सांडण्याचा त्रास खूप कमी होतो.

नवा लॅपटॉप कधी? ४ जीबी सोल्डर केलेली असेल तेव्हा. किंवा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नसेल तेव्हा, कारण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घेताना १६ जीबीच्या खाली जाऊ नका. ॲपलच्या एम-सीरिज चिपच्या मॅकबुकमध्ये नंतर रॅम वाढवताच येत नाही, तिथे तर हे पहिल्याच दिवशी ठरवायचं.

वहिनींकडे एसएसडी होतीच, त्यामुळे पट्टीची खरेदी सध्या पुढे ढकलली आहे. मार्चमध्ये पेपर काढताना पुन्हा अडलं तर ८ जीबीची आणू. दुसरा स्लॉट रिकामा आहे, तो कुठे पळून जात नाही.