एनएफ-२ मधला पडद्यावरचा पापुद्रा: सोलून घ्यावा का?

उतारवयात डोळ्याच्या पडद्यावर धरणारा पापुद्रा सोलणं ही आज भरवशाची शस्त्रक्रिया आहे. न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप २, म्हणजे एनएफ-२ असलेल्या मुलांत आणि तरुणांत मात्र तिच्याकडून तेवढी आशा धरू नये. २२व्या गुणसूत्रावरच्या जनुकातल्या बिघाडामुळे होणाऱ्या, नसांवर, विशेषतः ऐकण्याच्या नसेवर गाठी आणणाऱ्या या आजारात पापुद्रा बऱ्याचदा लहान वयातच असतो. त्याच्याखालचे पडद्याचे थर विस्कटलेले असतील किंवा डोळा आळशी झालेला असेल, तर पापुद्रा काढूनही नजर फारशी सुधारत नाही.

म्हणून आधी ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारा प्रकाशाचा स्कॅन, नीट वाचून घ्या. साधा पापुद्रा पडदा ओढतो, त्याला चुण्या पाडतो. एनएफ-२ मधला जाड असतो, त्याच्या कडा वर वळून काचद्रवात, म्हणजे डोळ्यात भरलेल्या जेलीसारख्या द्रवात, गेलेल्या असतात आणि ओढ बहुधा कमी असते. ओढच नसेल तर सोडवायचं काय? सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या, स्कॅनमध्ये ओढ वाढत गेली, तरच शस्त्रक्रियेला अर्थ आहे. नजर उतरण्यामागे मोतीबिंदू किंवा दृष्टिचेतेवरची (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवरची) गाठ नाही ना, हे त्याआधी पाहायलाच हवं.

बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर तीन बारीक छिद्रं पाडून काचद्रव काढतात. तरुण डोळ्यात तो पडद्याला घट्ट चिकटलेला असतो. तिथे घाई केली तर पडदा फाटतो. ब्रिलियंट ब्लू हा रंग पापुद्र्याखालचा पातळ थर रंगवतो, त्यामुळे पापुद्रा निळ्यात कोऱ्या डागासारखा उठून दिसतो. वळलेली कड चिमट्यात सहज येते. खरी कसोटी मधल्या भागात असते, कारण तिथे तो पडद्याचाच भाग असल्यासारखा एकजीव झालेला असू शकतो. तिथे थोडा मागे ठेवणारा सर्जन शहाणा.

रुग्णालय निवडताना तीन गोष्टी विचारा. ऐकू येत नसेल तर चेहरा झाकल्यावर ओठही वाचता येत नाहीत; मग हात दाबायच्या खुणा ठरवणार की पूर्ण भूल देणार? चेहऱ्याची नस कमजोर असून पापणी मिटत नसेल, तर नंतर पारपटल, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक थर, कोरडं पडू नये म्हणून काय करणार? आणि डोळ्यात वायू भरणार का? वायू असेपर्यंत विमानप्रवास नाही, नायट्रस ऑक्साइडची भूलही नाही. वायू फुगून डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कायमची जाऊ शकते. एनएफ-२ मध्ये कान-मेंदूची शस्त्रक्रिया कधीही निघू शकते, तेव्हा डोळ्यात वायू असल्याची सूचना देणारा मनगटी पट्टा वायू पूर्ण विरेपर्यंत काढू नका.