पालकांच्या आधारगटाचा वर्षभराचा अनुभव

माझ्या मुलाला बायपोलर आजार (मन कधी अतिउत्साहात, तर कधी खोल नैराश्यात जाण्याचा आजार) असल्याचे निदान झाले तेव्हा तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. उपचार सुरू झाल्यावर काही महिन्यांनी आम्ही उभयता जळगावातील एका पालकगटात जाऊ लागलो. स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मानसिक आजार), बायपोलर किंवा तीव्र नैराश्य असलेल्या तरुण मुलामुलींचे आईवडील महिन्यातून एका रविवारी दुपारी एकत्र बसतात. शुल्क नसते, व्याख्यान नसते आणि गट चालवणारेही पालकच आहेत. अशा गटात जावे की नाही, या विचारात असलेल्या घरांसाठी हे लिहीत आहे.

माझ्या मते गटाचा सर्वांत मोठा उपयोग म्हणजे डॉक्टरांची सूचना घरात प्रत्यक्ष कशी पाळायची, हे तेथे कळते. लिथियम हे मनाचे चढउतार आवरणारे औषध सुरू करताना डॉक्टरांनी नियमित रक्ततपासणी आणि पुरेसे पाणी या दोन गोष्टी बजावल्या होत्या. आपल्याकडच्या वैशाखात, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, त्या सूचनेचा अर्थ काय होतो, हे भुसावळच्या एका आईने समजावून सांगितले. खूप घाम गेला, उलट्या-जुलाब झाले, कडक उपवास धरला किंवा जेवणातले मीठ एकाएकी तोडले, तर रक्तातील लिथियमची पातळी धोकादायक वाढू शकते. अंगदुखीवरच्या काही गोळ्यांनीही तसेच होते, म्हणून दुकानातून परस्पर गोळी आणायची नाही. हाताची थरथर वाढली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणे जड झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचे. तपासणीसाठीचे रक्त शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी द्यायचे असते, म्हणजे सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. परगावाहून पहिल्या एसटीने येणाऱ्या माणसाला हे आधीच ठाऊक असलेले बरे. या सगळ्याची आम्ही आमच्या डॉक्टरांकडून खातरजमा करून घेतली, आणि गटाचाही तसाच आग्रह असतो.

दुसरा उपयोग घरातील बोलण्याचा आहे, आणि त्याविषयी मला अधिक लिहावेसे वाटते. ब्रिटनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकापासून केलेल्या अभ्यासात असे दिसले की, सतत टीका, राग किंवा अतिकाळजी असलेल्या घरी परतणाऱ्या रुग्णांचा आजार उलटण्याचे प्रमाण जास्त असते. आजार कुटुंबामुळे होतो असा याचा अर्थ मुळीच नाही, आणि गटात हे वारंवार सांगितले जाते, कारण अनेक आया नातेवाइकांचे तेच बोल ऐकून खचलेल्या असतात. बैठकीत पालक घरात उच्चारली जाणारी वाक्ये जशीच्या तशी मांडतात आणि सगळे मिळून त्यांना पर्याय शोधतात. ‘किती झोपशील, जग कामाला लागलं’ याऐवजी ‘चहा ठेवतेय, तुला टाकू का?’ हे वाक्य आमच्या घरी तेथूनच आले. लग्नकार्यात ‘तुना पोऱ्या काय करस आते?’ असे कोणी विचारले की काय सांगायचे, हेही आम्ही मुलाशी बोलून ठरवले: तब्येत बरी नव्हती, उपचार चालू आहेत, पुढच्या वर्षी परीक्षा देणार आहे. त्याने मान्य केले आहे तेवढेच आम्ही सांगतो, आणि गटातही त्याच्या परवानगीपलीकडचे काही बोलत नाही.

ही वाट खान्देशाला परकी नाही. मूळचे धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाचा दीर्घ अनुभव घेतल्यानंतर पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. आजारातून जाणाऱ्या व्यक्तीला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणण्याची तिथली पद्धत आमच्या गटातही आहे. कागदपत्रांची माहितीही गटातून मिळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आरोग्यविम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखीच वागणूक देणे बंधनकारक आहे, हे आमच्यापैकी बहुतेकांना तेथेच समजले.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘या काढ्याने गोळ्या सुटतात’ अशा छापाचे संदेश येतात. चालक ते काढून टाकतात, परंतु तोपर्यंत कित्येकांनी वाचलेले असतात, आणि गोळ्या अचानक थांबवण्याचे परिणाम गंभीर होऊ शकतात. वडील मंडळी येतात, पण फारसे बोलत नाहीत. नंदुरबार, शहाद्याकडच्या कुटुंबांना येण्याजाण्यात अख्खा दिवस घालवावा लागतो. गट तातडीच्या प्रसंगासाठी नाही, हेही नीट लक्षात ठेवावे. मूल जीव देण्याचे बोलू लागले तर त्याला एकटे न सोडता थेट रुग्णालयात न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून त्यावर चोवीस तास बोलता येते, मराठीतही.

पहिल्या बैठकीत बोलण्याची सक्ती नसते. आम्ही दोघांनी तेव्हा फक्त ऐकले. आजारी भावा-बहिणीमुळे घरात मागे पडलेल्या भावंडांसाठी मात्र अजून काहीच सोय नाही, आणि मला ही उणीव सर्वांत जास्त जाणवते. त्यांची वेगळी बैठक दिवाळीनंतर सुरू करावी, अशी मागणी आम्ही काही पालकांनी केली आहे. माझी धाकटी मुलगी त्यासाठी यायला तयार आहे.