परळीच्या राखेची वीट: दोन खोल्या बांधून झाल्यावर

अंबाजोगाईत घरामागं दोन खोल्या काढल्या, त्यासाठी परळीकडच्या एका कारखान्यातून राखेच्या विटा आणल्या. राख थर्मलची, म्हणजे परळीच्या औष्णिक वीज केंद्राची. तिथं कोळसा जळतो, आणि धुराड्यातून बाहेर पडण्याआधी जी पिठासारखी राख पकडतात, तीच ही. सोबत सिमेंट आणि दगडाची कच. भट्टी नाही, मशीनमध्ये दाबायची आणि पुढं कित्येक दिवस पाणी मारायचं.

आमचे मिस्त्रीमामा आधी नाक मुरडत होते, "राखेचं कुठं घर असतंय का?" चार थर लावले अन् गप्प झाले. सगळ्या विटा एका मापाच्या, कडा सरळ. आतल्या बाजूला अर्ध्या इंचाच्या गिलाव्यात भागलं. लाल वीट हौदात बुडवून ठेवावी लागते, हिला नुसता शिपका पुरतो. मे महिन्यात टँकरवर बांधकाम करणाऱ्याला विचारा याची किंमत.

तक्रार एकच, पण मोठी. दुसरी ट्रॉली कच्चीच आली. कोपरा नखानं उकरला तर भुगा. मालकाला फोन केला तर म्हणे, "दोन दिवस उन्हात ठेवा, होतील पक्क्या." विटा आहेत का पापड? शेवटी दोनशे विटा परत नेल्या, भाडं मात्र माझ्याच डोक्यावर.

घेणार असाल तर दोन विटा एकमेकींवर आपटून बघा. खणखणीत वाजल्या तरच ट्रॉली भरू द्या. आणि हो, कॅलेंडरचा खिळा हातोडीनं जात नाही, वाकतो. आमच्याकडं अजून टेबलावरच आहे कॅलेंडर.