एव्हरीथिंग, डिट्टो आणि ऑटोहॉटकी : मुद्रितशोधनाच्या टेबलावरून

अनुवाद आणि मुद्रितशोधन हे माझे पोटापाण्याचे काम असून दिवसाचे आठ-नऊ तास मी विंडोज संगणकासमोर बसलेली असते. एखाद्या वाक्याची घडी बसवण्यात अर्धा तास गेला तर त्याचे मला काही वाटत नाही, कारण कामच ते आहे. मात्र फाइल कुठे ठेवली ते शोधणे, तेच शब्द शंभरदा टंकित करणे आणि कळफलक मराठीवरून इंग्रजीवर नेऊन परत मराठीवर आणणे यात जाणारा वेळ मला मनापासून सलतो. गेली दोन वर्षे एव्हरीथिंग, डिट्टो आणि ऑटोहॉटकी ही तीन विनामूल्य सॉफ्टवेअर मी रोज वापरत आहे. देवनागरीत काम करणाऱ्याच्या हातात ती कशी वागतात, हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

एव्हरीथिंग हे फाइलचे नाव शोधून देणारे सॉफ्टवेअर आहे. शोधाच्या चौकटीत पहिले अक्षर टंकित करताच खालची यादी आक्रसू लागते आणि तिसऱ्या-चौथ्या अक्षरापर्यंत हवी ती फाइल बहुधा समोर आलेली असते. या वेगाचे कारण त्याच्या रचनेत आहे. ग्रंथालयात एखादे पुस्तक शोधायला कोणी प्रत्येक कपाट उघडून पाहत नाही, ग्रंथांची सूची पाहतो. विंडोजच्या एनटीएफएस या फाइलव्यवस्थेतही डिस्कवरच्या प्रत्येक फाइलची नोंद असलेले एक मुख्य कोष्टक असते. एव्हरीथिंग एकेक फोल्डर न उघडता थेट ते कोष्टक वाचते आणि त्यानंतर झालेले बदल एनटीएफएसच्याच बदलनोंदींवरून टिपत राहते. त्यामुळे सुमारे 1,20,000 फायलींची सूची त्याला साधारण एका सेकंदात आणि 10 लाख फायलींची सूची साधारण एका मिनिटात तयार करता येते.

मागच्या आश्विनात एका दिवाळी अंकाच्या कार्यालयातून सकाळीच फोन आला, की आदल्या वर्षी मी तपासून दिलेल्या एका लेखाची शेवटची प्रत त्यांच्याकडून गहाळ झाली आहे. माझ्याकडे त्या लेखाच्या ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’ आणि ‘अंतिम नवीन 2’ अशा तीन प्रती निरनिराळ्या फोल्डरांत होत्या. ‘अंतिम’ हा शब्द, एक मोकळी जागा आणि लेखकाच्या आडनावाची पहिली दोन अक्षरे इतके टंकित केल्यावर तिन्ही फायली एकाखाली एक आल्या, बदलाच्या तारखेप्रमाणे लावल्या आणि फोन चालू असतानाच योग्य ती प्रत मी पाठवू शकले. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडली की दोन्ही शब्द असलेली नावे मिळतात आणि मध्ये उभी रेघ दिली की दोन्हींपैकी कोणताही एक असलेली मिळतात. मराठी माणसांच्या संगणकावर निम्म्या फायलींची नावे देवनागरीत आणि निम्म्यांची रोमन लिपीत असतात, त्यामुळे ‘दिवाळी’ हा शब्द दोन्ही लिप्यांत लिहून मध्ये उभी रेघ देण्याची सवय मला फार उपयोगी पडली आहे.

त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. फाइलच्या आतला मजकूर त्याच्या सूचीत नसतो. तसा शोध घेण्याची आज्ञा आहे, परंतु ती प्रत्येक फाइल उघडून वाचत असल्यामुळे संथ चालते आणि आधी एखादा फोल्डर ठरवून दिला तरच ती वापरण्यात अर्थ आहे. ज्यांच्या फायलींना ‘नवीन दस्तऐवज 14’ अशी नावे आहेत त्यांनी आधी नावे नीट द्यावीत आणि मगच याच्याकडून अपेक्षा ठेवावी.

डिट्टोबद्दल थोडक्यात सांगता येईल. कॉपी केलेला प्रत्येक तुकडा ते साठवते आणि नंतर हवा तो तुकडा शोधून पेस्ट करू देते. विंडोजमध्ये 2018 पासून विंडोज कळ आणि ‘व्ही’ दाबून अशीच सोय मिळते, परंतु तिथे 25 नोंदीच राहतात आणि पिन न केलेल्या नोंदी संगणक पुन्हा सुरू केल्यावर जातात. डिट्टोतल्या नोंदी डेटाबेसमध्ये टिकतात, त्यामुळे सोमवारी कॉपी केलेला संदर्भ गुरुवारी मिळतो. मजकूर मूळ रंग आणि फाँट वगळून साधा म्हणून पेस्ट करण्याची सोय मला सर्वांत आवडली, कारण संकेतस्थळावरून घेतलेले अवतरण हस्तलिखितात आपले रूप घेऊन घुसते आणि मग ते निस्तरत बसावे लागते. मात्र कॉपी केलेला पासवर्डही याच डेटाबेसमध्ये जाऊन बसतो. म्हणून पासवर्ड ठेवण्याचे सॉफ्टवेअर डिट्टोच्या वगळण्याच्या यादीत पहिल्याच दिवशी घालावे.

आता ऑटोहॉटकीकडे वळते, कारण या तिघांत माझा सर्वाधिक वेळ त्याने वाचवला आहे आणि सर्वाधिक मेहनतही त्यासाठीच घ्यावी लागली. 2003 पासून चालत आलेले हे मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे खरे तर एक छोटी आज्ञावली-भाषा आहे. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आपण आज्ञा लिहितो आणि ती फाइल चालू असेपर्यंत त्या आज्ञा संगणकावरच्या बहुतेक सर्व सॉफ्टवेअरमध्ये लागू होतात. वर्डमध्येही आपोआप दुरुस्तीची सोय आहे, पण तीत दिलेली लघुरूपे ब्राउझरमधल्या ईमेलमध्ये किंवा पानाच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये उमटत नाहीत. ऑटोहॉटकीत ती सगळीकडे उमटतात.

शासकीय पत्रव्यवहाराच्या अनुवादात काही शब्दसमूह पानापानावर येतात. त्यांपैकी एकासाठी माझ्या फाइलमध्ये पुढील ओळ आहे.

:*:,,शशक::शालेय शिक्षण व क्रीडा विभाग

दोन स्वल्पविराम आणि तीन अक्षरे टंकित झाली, की ती पुसली जाऊन त्या जागी विभागाचे पूर्ण नाव येते. सुरुवातीच्या तारांकनामुळे पुढे मोकळी जागा द्यावी लागत नाही. ही ओळ अशीच का, याला कारणे आहेत आणि ती मला चुका करत शिकावी लागली. इंग्रजी मार्गदर्शनात लघुरूपाची सुरुवात बहुधा अर्धविरामाने केलेली दिसते, पण इन्स्क्रिप्ट या देवनागरीच्या प्रमाण कळफलकात त्या कळीवर ‘च’ आहे. स्वल्पविराम मात्र आपल्याच जागी राहतो, म्हणून मी तो निवडला. रोमन अक्षरांतले लघुरूप मराठी कळफलक चालू असताना उमटत नाही, त्यामुळे लघुरूपही देवनागरीतच हवे. लघुरूपात काना, मात्रा किंवा जोडाक्षर मी ठेवत नाही, कारण लघुरूपात जितकी चिन्हे आहेत तितक्या वेळा ऑटोहॉटकी मागे पुसत जाते आणि सुटी व्यंजने असली की हा हिशेब कुठेच चुकत नाही. फाइल यूटीएफ-8 या, देवनागरीसह सर्व लिप्यांची अक्षरे सांभाळणाऱ्या साठवणपद्धतीत ठेवणे आवश्यक आहे. डिसेंबर 2022 मध्ये आलेली 2.0 आवृत्ती फाइल यूटीएफ-8 मध्येच असल्याचे गृहीत धरते, परंतु जुन्या 1.1 आवृत्तीत फाइलच्या सुरुवातीला ओळखखूण नसली तर सगळ्या देवनागरीचा विचका होतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने 2.0 च घ्यावी.

मुद्रितशोधकाच्या दृष्टीने याहून मोलाचा उपयोग वेगळाच आहे. ‘दुसऱ्या’, ‘अधिकाऱ्यांनी’ अशा शब्दांतला अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. काही जण ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडतात, तर काही जण साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह घालतात. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द असतात, त्यामुळे तीनशे पानांच्या प्रबंधात ‘अधिकाऱ्यांनी’ शोधून बदलायला गेले की काही ठिकाणी बदलतो आणि काही ठिकाणी तसाच राहतो. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, हा तिच्यातला सर्वांत वाईट भाग आहे. मी ऑटोहॉटकीत दहा-बारा ओळींची एक आज्ञा लिहिली आहे, जी निवडलेला मजकूर कॉपी करते, त्यातले दुसऱ्या प्रकारचे सगळे अर्धे र पहिल्या प्रकारात आणते आणि मजकूर परत जागेवर ठेवते. आता हाती आलेले प्रत्येक प्रकरण मी आधी या चाळणीतून काढते आणि मगच वाचायला घेते. हीच खबरदारी दोन मोकळ्या जागा आणि विरामचिन्हाआधी पडलेली जागा यांसाठीही घेता येते. कॅप्स लॉक कळीचा माझ्या कामात काही उपयोग नव्हता, म्हणून ती कळफलक बदलण्यासाठी नेमून दिली आहे. उजव्या-डाव्या हातांची कसरत त्यामुळे थांबली.

अडचणी सांगितल्याच पाहिजेत. ही भाषा शिकायला सुरुवातीच्या एक-दोन दुपारी द्याव्या लागतात आणि संगणकाची भीती असलेल्या माणसाला तो काळ जड जाईल. पेजमेकरसारख्या, युनिकोड म्हणजे सर्व लिप्यांसाठीची सामाईक अक्षरसंकेतपद्धती न जाणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यातली देवनागरी लघुरूपे उपयोगाची नाहीत. एका कार्यालयात बसून काम करायचे होते तेव्हा मी माझी फाइल स्वतंत्र प्रोग्रॅमच्या रूपात बांधून नेली, तर तिथल्या अँटिव्हायरसने ती घातक ठरवून काढून टाकली आणि तो पूर्ण दिवस मला हाताने टंकन करावे लागले. अशा बांधलेल्या फायलींच्या बाबतीत हा गैरसमज बऱ्याचदा होतो. म्हणून दुसऱ्याच्या संगणकावर जाण्यापूर्वी तिथल्या तंत्रज्ञाची परवानगी घेणे आणि मूळ मजकुराची फाइल सोबत ठेवणे हे दोन्ही करावे.

ही तिन्ही सॉफ्टवेअर विंडोजसाठीच आहेत. मॅक किंवा लिनक्स वापरणाऱ्याला लघुरूपांपुरता एस्पॅन्सो हा विनामूल्य पर्याय उपलब्ध आहे. विंडोजवर असणाऱ्या कोणालाही मी एव्हरीथिंग आजच घ्यायला सांगेन, कारण त्यासाठी शिकण्यासारखे जवळजवळ काही नाही. दिवसभर कॉपी-पेस्ट करणाऱ्याने डिट्टो घ्यावे. ऑटोहॉटकी मात्र त्याने घ्यावे ज्याच्या हातून तेच शब्द रोज जातात, आणि सुरुवात पाच ओळींनी करावी. माझीही सुरुवात पाचच ओळींनी झाली होती. आज त्या फाइलमध्ये दोनशेहून अधिक ओळी आहेत आणि या आठवड्यात तिच्यात ‘संदर्भाधीन शासन निर्णयान्वये’ या शब्दसमूहासाठी ‘,,सशन’ ही नवी ओळ वाढली आहे.