“सही तूच केलीस ना?” म्हणणाऱ्या एजंटापासून सावध राहा

एजंट मामाच्या गावचा. घरी चहा पिऊन गेलेला. बँकॉकला डेटा एंट्री, महिना ८० हजार, राहणं-जेवण कंपनीकडे. आईच्या पाटल्या मोडून १ लाख ८० हजार दिले. “थायलंडला आता आपल्याला व्हिसाच लागत नाही,” म्हणाला. खरंच होतं ते, पण ती सवलत फिरायला जाणाऱ्यांना, नोकरीला नाही. एवढं मी विचारलं नाही.

विमानतळावरून थेट गाडीत. “एंट्री करायचीये” म्हणून पासपोर्ट तिथंच काढून घेतला. रात्री थायलंडच्या सीमेवरच्या माए सोट गावाजवळ होडीतून मोई नदी ओलांडली. पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. पलीकडे म्यानमार आहे हे सकाळी कळलं.

काम एकच. मुलीचा फोटो लावून लोकांशी गोड बोलायचं आणि खोट्या गुंतवणुकीत पैसे टाकायला लावायचे. टार्गेट चुकलं की उपाशी ठेवायचे. एकदा समोरचे काका मराठीत लिहायला लागले, पैसे मुलीच्या लग्नाचे आहेत म्हणाले. माझ्या मागे सुपरवायझर उभा होता. मी त्यांना सावध करू शकलो नाही. अजून झोप लागत नाही.

मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ जणांना परत आणलं, त्यात मी होतो.

एजंटाला जाब विचारला तर म्हणतो, “सही तूच केलीस, स्वतःच्या पायांनी गेलास. तक्रार कर, तूच आत जाशील.” त्या भीतीनं दोन महिने मी गप्प बसलो. शेवटी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो. मानवी तस्करीच्या पीडिताला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. वकीलबाईंनी भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ वर बोट ठेवून मला वाचायला लावलं: फसवून नेलेल्या माणसाची संमती होती की नव्हती, हा प्रश्नच येत नाही. शिक्षा किमान ७ वर्षं, एकाहून जास्त माणसं नेली असतील तर किमान १० वर्षं ते जन्मठेप. मी तिथंच रडलो. दुसऱ्या दिवशी एफआयआर झाला.

परदेशी नोकरीला माणसं पाठवायला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो. तो ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतो, आणि फी ३० हजार व जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. पैसे देण्याआधी कृपा करून बघा.

परवा गावच्या ग्रुपवर तशाच नोकरीचा मजकूर आला. नंबर वेगळा, आणि देश आता लाओस.